नर्गिस मॅडमचं पडलेलं नाटक

नर्गिस मॅडमच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य होतं, "आणि तेवढ्यात स्टेजवर मांजर आलं!"

दुबईत, ऊद मेथातल्या आमच्या शाळेत मी केमिस्ट्रीची टीचर म्हणून रुजू झाले, त्याच दिवशीची गोष्ट. स्टाफरूमचं दार ढकललं तर आत सात-आठ जणी डबे उघडे टाकून एका बाईकडे बघत होत्या. ती बाई टेबलाला टेकून उभी होती. डोक्यावरून ओढणी, नाकावर घसरलेला चष्मा आणि हातात चपातीचा तुकडा. त्या तुकड्यात सुकटीची चटणी होती आणि त्या घटकेला तो तुकडा मांजर झाला होता. टेबलाच्या कडेकडेने तो दबकत चालला, थांबला, मान वळवून लोकांकडे बघितलं आणि एकदम कोणाच्या तरी पायात शिरला. "आणि लोक काय करतायत? म्याँव करतायत! अख्खं थिएटर म्याँव करतंय, आणि गाणारे बिचारे गातायत!"

मला वाटलं, शाळेच्या मागच्या गॅदरिंगमधला किस्सा असेल. मी भीत भीत विचारलं, "कधी झालं हे?"

"दोनशे वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "बसा ना. चपाती खाणार?"

तो किस्सा रोममधल्या एका ऑपेराच्या पहिल्या प्रयोगाचा होता. गोष्ट साधीच. एका म्हाताऱ्याने एका पोरीला घरात कोंडून ठेवलंय, कारण त्याला तिच्याशीच लग्न करायचंय. एक तरुण सरदार तिच्या खिडकीखाली येऊन गातो, आणि गावातला एक हिकमती न्हावी दोघांची गाठ घालून देतो. संगीतकार पंचविशीही न गाठलेला पोरगा. पहिल्याच रात्री नाटक असं पडलं की विचारू नका. एकाच्या वाद्याची तार तुटली, एकजण ठेचकाळून नाकावर पडला आणि रक्त पुसत पुसत गायला, त्यात ते मांजर. लोकांनी शिट्ट्या मारून मारून छत खाली आणायचं बाकी ठेवलं. दुसऱ्या रात्री तो पोरगा घरातून बाहेरच पडला नाही. आणि त्याच रात्री तेच नाटक लोकांनी डोक्यावर घेतलं. मशाली घेऊन लोक त्याच्या घरावर चाल करून गेले, जयजयकार करायला. तो बापडा समजला, मारायलाच आले, आणि घोड्यांच्या तबेल्यात लपून बसला.

यात खरं किती आणि मॅडमचं तिखटमीठ किती, ते मी कधी तपासलं नाही. तपासायची इच्छाही झाली नाही. त्या नाटकाचं नाव जगात लहान पोरालाही माहीत असेल, पण मॅडम त्याला नावाने हाक मारत नसत. "आपलं पडलेलं नाटक" म्हणत. घरातल्या एखाद्या वाया गेलेल्या, पण सगळ्यांत लाडक्या दिराबद्दल बोलावं तसं. इतक्या वर्षांत मलाही तीच सवय लागली आहे.

मॅडम मूळच्या दापोली तालुक्यातल्या, हर्णैच्या जवळच्या. वडील मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. प्रत्येक बंदरातून घरी काहीतरी आणायचं हा त्यांचा शिरस्ता. कधी साबण, कधी छत्री, कधी नुसतेच रिकामे पण देखणे डबे. एकदा इटलीच्या कुठल्याशा बंदरातून त्यांनी एक कॅसेट आणली. दुकानदाराने काय सांगून गळ्यात मारली अल्ला जाणे. घरात कोणालाच त्यातलं एक अक्षर कळेना.

"पण मी ऐकलं आणि मला कळलं," मॅडम सांगायच्या. "माझी फुफी, म्हणजे आत्या, आणि माझी आई भांडायच्या ना, तसंच होतं ते. दोघी एकदम बोलणार, कोणी कोणाचं ऐकणार नाही, आणि तरी एकमेकींचा ताल चुकणार नाही. फरक एवढाच की हे लोक सुरात भांडत होते. मला वाटलं, या अल्ला, भांडणाचं असंही करता येतं?"

पुढे त्या पुण्याला राहून रीतसर गाणं शिकल्या, लग्न झालं, जबल अलीच्या एका शिपिंग कंपनीत नवरा होता म्हणून दुबईला आल्या आणि आमच्या शाळेत संगीत शिकवायला लागल्या. पण ती कॅसेट डोक्यात फिरतच राहिली. भाजी निवडताना, बसमध्ये, परीक्षेच्या सुपरव्हिजनला येरझारा घालताना त्या अख्ख्या नाटकाला मराठी शब्द लावत गेल्या. एकही ओळ त्यांनी लिहून ठेवली नव्हती. विचारलं तर म्हणायच्या, "लिहून कोणाला देऊ? वाचणार कोण?"

ते खरंच होतं. आमच्या शाळेतली मराठी मुलं म्हणजे घरी आईने "जेवायला ये" म्हटलं की "कमिंग" म्हणणारी. मराठी कळतं, पण देवनागरीतली ओळ पुढे ठेवली की चेहरा लिंबू पिळल्यासारखा. म्हणून मॅडम सगळं तोंडाने शिकवायच्या. समोर उभं राहायचं, ओळ म्हणायची, मग तीच ओळ आवाज न काढता नुसती ओठांनी म्हणायची आणि मुलांनी ती ओठांवरून उचलायची. नर्सरीपासून बारावीपर्यंत सगळी पोरं याच पद्धतीने तयार झाली होती. गाताना आमच्या शाळेच्या मुलांची नजर कायम एकाच ठिकाणी असे, मॅडमच्या ओठांवर.

त्यातून मॅडमना एक खोडच जडली. कोणीही गायला किंवा बोलायला लागलं की यांचे ओठ त्याच्याबरोबर चालायचे. स्टाफ मीटिंगमध्ये आमचे प्रिन्सिपल सर दर वर्षी तेच भाषण करत. त्यातलं पुढचं वाक्य सरांच्या आधी मॅडमच्या ओठांवर आलेलं असायचं आणि आम्ही मागच्या रांगेतल्या बायका रुमालात हसू दाबायचो. अशा वेळी त्यांना स्वतःला याचा पत्ताही नसे.

त्यांचं एक वाक्य मात्र अख्ख्या शाळेला पाठ होतं. "सूर चुकला तर चालेल. घाबरलेला सूर नको." मुलांच्या इंग्रजीतही ते शिरलं होतं. एकदा माझ्या प्रॅक्टिकलला एका पोराच्या हातून बीकर फुटला. मी काही बोलायच्या आत तो शांतपणे म्हणाला, "मॅम, चुकला तर चालेल." मला हसावं की ओरडावं कळेना. केमिस्ट्रीत आवाज झाला की काहीतरी बिघडलंय असं समजायचं असतं, हे मी त्याला समजावून सांगितलं.

आणि मांजरं! शाळेच्या ऑडिटोरियमच्या मागे मांजरांचं एक गाव वसलेलं होतं. संध्याकाळी पाच वाजले की मॅडम डब्यातली मासळीची डोकी घेऊन तिथे जायच्या. त्यातली एक करडी, अर्ध्या कानाची मांजरी त्यांची खास. तिला त्या बेगम म्हणत. बेगमचं घड्याळ आमच्या शाळेच्या घंटेपेक्षा बरोबर चाले. पाचला एक मिनिट उशीर झाला तर ती स्टाफरूमच्या दाराशी येऊन बसायची आणि प्रत्येक बाईकडे असं बघायची की आपणच तिचं काहीतरी खाल्लंय असं वाटावं.

एका वर्षी डाउनटाउनमधल्या मोठ्या थिएटरात युरोपातली एक कंपनी ते नाटक घेऊन आली. मॅडमनी मला हाताला धरून नेलं. सगळ्यात वरच्या बाल्कनीत आम्ही बसलो. मॅडमनी त्या दिवशी ठेवणीतली मोतिया रंगाची ओढणी घेतली होती. नाटक सुरू झालं आणि त्यांचे ओठ सुरू झाले. खाली इटालियन चाललंय आणि माझ्या कानाशी अगदी हलक्या श्वासात मराठी. म्हातारा, पोरगी, न्हावी, सरदार, सगळ्यांचं. चौघं एकदम गायला लागले तेव्हा मला वाटलं आता यांची दमछाक होणार. पण मॅडम चौघांतून पाहिजे त्याची ओळ उचलत होत्या, सोडत होत्या, दुसऱ्याची धरत होत्या. मी स्टेजकडे बघणंच सोडून दिलं.

शेजारी एक गोरी म्हातारी बाई होती. तिने दोनदा आमच्याकडे वळून बघितलं. मी मनात म्हटलं, आता बाहेर काढतात. इंटरव्हलला ती म्हणाली, "व्हॉट लँग्वेज इज दॅट?" मॅडमनी सांगितलं आणि तिला काय वाटेल याचा विचार न करता खिडकीखालच्या गाण्याची पहिली ओळ मराठीत गाऊन दाखवली. म्हातारीने डोळे मिटून घेतले. मग मॅडमचा हात हातात घेऊन दुसरी ओळ तिने इटालियनमध्ये म्हटली. लोक कॉफी घेऊन जात-येत होते आणि या दोघी आळीपाळीने गात उभ्या. मी आयुष्यात फार कमी वेळा अशी थक्क झाले आहे. आपल्याबरोबर रोज सुकटीची चटणी खाणारी ही बाई कोण आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

परतताना मेट्रोत त्या, नेहमीसारखी मला आडनावाने हाक मारून, एकच वाक्य बोलल्या. "वैद्यबाई, जायच्या आधी एकदा तरी हे माझ्या पोरांच्या तोंडून ऐकायचंय. मराठीत. अगदी शेवटच्या सुरापर्यंत."

जायच्या आधी म्हणजे काय, हे आखातात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. नोकरी आहे तोवर व्हिसा, व्हिसा आहे तोवर घर. मॅडम साठीला आल्या होत्या. नवरा आधीच रिटायर होऊन गावी गेला होता आणि हर्णैच्या घराला नवीन पत्रे घालत बसला होता. मार्चअखेर मॅडमची शेवटची तारीख होती. त्याआधीचे तीन-चार महिने, एवढेच काय ते त्यांच्या हातात होते.

तालमी सुरू झाल्या. सहावीपासून बारावीपर्यंतची पोरं. म्हाताऱ्याच्या कामाला मॅडमनी नववीतला एक मुलगा घेतला. त्याचा आवाज नुकताच फुटला होता आणि त्या शरमेने तो वर्गात तोंडच उघडत नसे. मॅडम त्याला म्हणाल्या, "अरे, म्हाताऱ्याला असाच आवाज लागतो. मी कुठून आणला असता?" दुसऱ्या दिवसापासून ते पोरगं कॉरिडॉरमध्ये खाकरत, गुरगुरत फिरायला लागलं. त्याच्या आईने मला विचारलं, "मॅडम, हा असा का बोलतोय?" मी म्हटलं, काही दिवस चालू द्या.

कोंडलेल्या पोरीचं काम इराकडे होतं. अकरावीतली, किडकिडीत, डोळ्यांत सतत पाणी येईल अशी भीती असलेली. पण गळा असा की मॅडम तिच्याकडून एकच गाणं विनाकारण दोनदा म्हणवून घ्यायच्या. अल क्वोजमध्ये एका पालकांचं फर्निचरचं वर्कशॉप होतं, तिथे तिच्यासाठी लाकडी बाल्कनी तयार झाली. कीबोर्डवर आमचे फिजिक्सचे कुरियन सर. पडदा ओढायचं काम माझ्याकडे आलं, कारण मॅडमच्या मते त्यात सूर लागत नव्हता.

प्रिन्सिपल सरांनी दोन दिवस दिले. शुक्रवारी संध्याकाळी मराठी पालकांसाठी, शनिवारी बाकीच्या शाळेसाठी. मराठी पालकांनी लगेच फूड कमिटी स्थापन केली. नाटक काय आहे याची चौकशी एकाने केली असेल नसेल, पण पावभाजी की मिसळ यावर ग्रुपवर आठवडाभर रण माजलं होतं. पावभाजी जिंकली.

शुक्रवार आला. हॉल भरला. पडदा मी वर घेतला. डाव्या विंगेत खुर्ची टाकून मॅडम बसल्या होत्या, अंगावर तीच मोतिया ओढणी. स्टेजवरच्या प्रत्येक पोराची नजर त्या खुर्चीकडे. पहिली वीस-पंचवीस मिनिटं झकास गेली. सरदार खिडकीखाली गायला, न्हाव्याने टाळ्या घेतल्या. मग इरा बाल्कनीत आली आणि तिचं मोठं गाणं सुरू झालं.

त्या गडबडीत एक गोष्ट सगळेच विसरले होते. पाच वाजून गेले होते आणि बेगमला मासळी मिळाली नव्हती.

ती मागच्या दाराने आली. बाल्कनीच्या खालून निघाली, स्टेजच्या ऐन मध्यावर जाऊन बसली, लोकांकडे एकदा बघितलं आणि शांतपणे पाय चाटायला लागली. पुढच्या रांगेतली दोन पोरं खिदळली. मागून कोणीतरी "म्याँव" केलं. मग हॉलभर.

मी घाबरून मॅडमकडे बघितलं आणि बघतच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. दोन्ही गालांवर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसत होत्या. "वैद्यबाई, मांजर आलं गो! खरंच आलं!" रोममधली ती रात्र चालत चालत ऊद मेथाला आली होती आणि ती ओळखणारी बाई जगात ही एकटीच.

पण हसताना त्यांचे ओठ थांबले होते.

इराने पुढच्या ओळीसाठी विंगेकडे बघितलं. तिथे ओळ नव्हती. ती थांबली. कुरियन सरांनी तेच सूर फिरवून फिरवून वाजवले, चौथ्यांदा वाजवले आणि त्यांनीही हात उचलले. हॉलमध्ये म्याँव चाललेलंच होतं. इराने तोंडावर हात घेतला आणि ती बाल्कनीतून उतरून आत पळाली. मी पडदा सोडला.

मॅडम सावरून उभ्या राहतायत तोवर फूड कमिटीच्या अध्यक्षांनी माइक हातात घेतला होता. बिचाऱ्यांना मदतच करायची होती. "मित्रहो, छोटासा ब्रेक घेऊ या. तोपर्यंत पावभाजी गरम आहे!"

आता हे आपल्या माणसांना कोण सांगणार? आपल्याकडे कार्यक्रमात जेवण लागलं की कार्यक्रम संपला. लोक उठले, रांगेत लागले, जेवले, एकमेकांना "छान झालं हो" म्हणाले, पोरांच्या झोपेला आलेल्या धाकट्या भावंडांना खांद्यावर टाकलं आणि पार्किंगकडे गेले. आम्ही पडद्याआड इराची समजूत काढून, तोंड धुववून तिला पुन्हा उभी केली, आणि मी पडदा उघडला, तेव्हा हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्या आणि कागदी प्लेट गोळा करणारे दोन क्लीनर होते.

प्रिन्सिपल सर आत आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, "मॅडम, कल का कॅन्सल कर देते हैं. बच्चे डर गए हैं. खलास."

मॅडम लाकडी बाल्कनीच्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर बेगम. हसण्याचा मागमूस नव्हता. त्या म्हणाल्या, "सर, कल कीजिए. कल मैं नहीं आऊँगी."

सरांना वाटलं, रागावल्या. मलाही तसंच वाटलं.

"गुस्सा नहीं है, सर. आज बिल्लीने नहीं गिराया, मैंने गिराया. ये बच्चे मेरे मुँह से गाते हैं. मेरा मुँह बंद, तो इनका बंद." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कितीतरी वर्षं मी समजत होते, मी यांना गायला शिकवलं. मी यांना माझ्याकडे बघायला शिकवलं हो."

मी म्हटलं, "पण मॅडम, तुम्हाला शेवटपर्यंत ऐकायचं होतं ना? उद्या नाही तर मग कधी? पुढच्या आठवड्यात तुमचं विमान आहे."

"मी बसले की ते पडणार. मी नसले की कदाचित उभं राहील. दोन्ही कसं मिळेल, वैद्यबाई?"

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. आयुष्यभर उराशी बाळगलेली एकच हौस, आणि ती पुरी व्हावी म्हणून स्वतः तिथे हजर राहायचं नाही. मी असते तर विंगेत नाही तर निदान दाराच्या फटीशी उभी राहिले असते. पण मॅडमना फट नको होती. पोरांना कळेल म्हणाल्या.

इरा कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. ती पुढे आली. "मॅम, आय कान्ट. हू विल आय लुक ॲट?"

"लोकांकडे बघ गो. ते तुझ्याकडे बघायला आलेत."

"आय विल फर्गेट द वर्ड्स."

"विसर. जे आठवेल ते गा."

"अँड इफ इट फेल्स अगेन?"

"तर पडू दे की," मॅडम म्हणाल्या आणि पहिल्यांदा थोडं हसल्या. "पडलेलंच तर करतोय आपण. सूर चुकला तर चालेल. पुढचं तूच म्हण."

इराने पुढचं म्हटलं. मराठीत.

सरांनी एकदा इराकडे, एकदा मांजरीकडे बघितलं. शेवटी म्हणाले, "ठीक है. इन्शाल्ला. लेकिन बिल्ली?"

"बिल्ली मेरे साथ जाएगी," मॅडम म्हणाल्या. आणि खरंच, बेगमला स्टेशनरीच्या खोक्यात घालून, वर आपली मोतिया ओढणी झाकून त्या घरी घेऊन गेल्या.

शनिवारी हॉलमध्ये मल्याळी, तमिळ, पंजाबी, गुजराती पालक होते. मराठीचा एक शब्द न कळणारे. मागच्या रांगांत मात्र कालचे बरेच चेहरे पुन्हा दिसले, खजील झालेले. ग्रुपवर बातमी पसरली होती. फूड कमिटीचे अध्यक्ष तर पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून, आज जणू जेवण या गोष्टीशी आपला संबंधच नाही असे बसले होते.

डाव्या विंगेतली खुर्ची मी काढून टाकणार होते. कुरियन सर म्हणाले, "रहने दो. बच्चों को दिखना चाहिए कि खाली है."

पहिल्या गाण्यात पोरांच्या नजरा सवयीने तिकडे गेल्या, खुर्ची रिकामी बघून परत आल्या, आणि दुसरीकडे कुठे जायचं ते न कळून समोर लोकांवर पडल्या. मला ते दिसत होतं. एकेका पोराचा चेहरा लोकांकडे वळताना मी बघत होते. न्हावी झालेला मुलगा तर लोकांना बघून असा खुलला की त्याने दोन ओळी कोणाला तरी डोळा मारून म्हटल्या. म्हाताऱ्याच्या फुटक्या आवाजाला टाळ्या पडल्या. मग इरा आली.

कालच्याच ठिकाणी ती अडली. अगदी त्याच ओळीवर. मी पडद्याची दोरी घट्ट धरली. तिने विंगेकडे मान वळवली, अर्ध्यावर थांबवली, आणि लोकांकडे बघून ती ओळ नुसत्या आकारात घेतली. शब्द नव्हतेच. पण असा सूर लागला की माझ्या अंगावर काटा आला. एक ओळ तशी गेली, दुसरी ओळ गेली, आणि तिसऱ्या ओळीला शब्द आपणहून परत आले. सूर चुकलाही असेल. घाबरलेला नव्हता.

त्यानंतर ते नाटक कोणाला आवरलं नाही. शेवटच्या सगळ्यांच्या गाण्याला मागून आपल्या मंडळींनी "वन्स मोअर" अशी आरोळी दिली आणि तमिळ आज्ज्यांनीही ती उचलली. शेवटचा सूर आला, थांबला, आणि मी पडदा पाडायचं विसरून टाळ्या वाजवत राहिले.

टाळ्या संपल्यावर इरा स्टेजच्या कडेशी आली. "मॅमने ऐकलं नाही," ती म्हणाली. कोणाला उद्देशून, कोण जाणे. आणि तशीच, घोळदार झगा दोन्ही हातांनी वर धरून, पायऱ्या उतरली, हॉलच्या दारातून बाहेर पडली आणि गेटकडे चालायला लागली. तिच्यामागे सरदार, न्हावी, मिशी लावलेला म्हातारा. त्यांच्यामागे आईबाप. कुरियन सर छोटा कीबोर्ड काखेत मारून. प्रिन्सिपल सर आधी "अरे, अरे" करत आणि मग तेही मागोमाग.

मॅडमचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. मगरिबची, दिवेलागणीची अजान नुकतीच होऊन गेली होती. एवढा जमाव बघून बिल्डिंगचा वॉचमन उभा राहिला. "क्या हुआ? कम्प्लेंट है क्या? नर्गिस मॅडम का?"

वर घरातला दिवा बंद झाला. मी शपथेवर सांगते, बंद झाला. रोमच्या त्या पोराची आठवण येऊन मला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. नाटक पुन्हा पडलं, पालक जाब विचारायला आले, असंच त्या समजल्या असणार.

इरा खिडकीखाली उभी राहिली. कोणी खूण केली नाही, कोणी सुरुवात दिली नाही. तिने शेवटचं गाणं उचललं आणि सगळी पोरं तिला मिळाली. गल्लीतल्या दुकानाचा मालक बाहेर आला. डिलिव्हरीवाले मोटरसायकल थांबवून बघत राहिले. समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या एकेक करून उघडल्या.

वर बाल्कनीचं दार हळूच सरकलं. मॅडम बाहेर आल्या. ओढणी नव्हती, ती बेगमच्या खोक्यातच राहिली असणार. डोक्याला घरातला साधा रुमाल बांधलेला. कडेवर बेगम. एका हाताने त्यांनी कठडा धरला.

पुढच्या आठवड्यात त्या गेल्या. एअरपोर्टवर आम्ही गेलो होतो, पण त्या गर्दीतलं आणि ट्रॉलीवरच्या बॅगांतलं मला काही आठवत नाही. मॅडम म्हटल्या की मला ती बाल्कनीच दिसते. खाली त्यांची पोरं त्यांच्याच शब्दांत गात होती, एकही नजर शब्दांसाठी वर मागत नव्हती, आणि मी इतक्या वर्षांच्या सवयीने मॅडमच्या ओठांकडे बघितलं.

ते मिटलेले होते. शेवटच्या सुरापर्यंत मॅडम नुसत्या ऐकत होत्या.